पगारी खेळाडू : एक गोलरक्षक आणि एक गोलंदाज

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात एडलिंग्टन नावाचे एके काळी कोळशाच्या खाणीचे असलेले एक गाव आहे. १९३० च्या डिसेंबरात तेथील दफनभूमीत एका म्हाताऱ्या खाणमजुराला पुरण्यात आले. थडग्यावर दगड नव्हता, त्यामुळे नावही नव्हते. त्या जागी नाव कोरलेला दगड उभा राहिला तो १९९७ साली. मधल्या काळात कोणाला आठवण नसलेल्या या माणसाचे नाव आर्थर व्हार्टन. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्याची नोंद केली जाते. तो गोलरक्षक होता.

मराठीच्या अभ्यासकांसाठी लिहिताना या माणसापासून सुरुवात करण्याचे कारण थोडे पुढे येईल. आधी त्याची हकिगत सांगतो. व्हार्टनचा जन्म १८६५ चा, आजच्या घाना देशातल्या आक्रा शहराचा. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, आईचे घराणे तिथल्या फांटी जमातीतले प्रतिष्ठित. मुलाने आपल्यासारखेच धर्मकार्य करावे म्हणून त्याला इंग्लंडला शिकायला पाठवले. तिथे तो धर्मशास्त्रात रमला नाही, पळण्यात रमला. १८८६ च्या जुलैत लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर त्याने शंभर यार्डांचे अंतर दहा सेकंदांत कापले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच सुमारास डार्लिंग्टन आणि मग प्रेस्टन नॉर्थ एंड या संघांसाठी तो गोलखांबांमध्ये उभा राहू लागला. हे सारे हौशी म्हणून. पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने मान्यता दिली ती १८८५ साली. त्याआधीही पैसे दिले जात, पण ते टेबलाखालून.

१८८९ मध्ये रॉदरहॅम टाउन या संघाने व्हार्टनला पगारावर घेतले. तेव्हापासून १९०२ पर्यंत तो या ना त्या संघात होता, पण 'व्यावसायिक' हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. फुटबॉलच्या पगारावर त्याचे घर चालत नव्हते. त्याने दारूचे गुत्ते चालवले, उन्हाळ्यात तो पैशासाठी क्रिकेट खेळला, शर्यतींत पैजेवर धावला. १८९४ मध्ये शेफिल्ड युनायटेड या वरच्या श्रेणीतल्या संघाने त्याला घेतले ते बिल फुल्क नावाच्या अजस्र गोलरक्षकाचा बदली म्हणून. वरच्या श्रेणीत खेळायला मिळाले ते नाममात्रच. पुढे धाकट्या गावांचे धाकटे संघ, मग खाण. खाणीत त्याचे काम कोळशाच्या गाड्या ओढण्याचे होते.

व्हार्टनच्या खेळाबद्दल एक आठवण नेहमी सांगितली जाते. पन्नासेक वर्षांनी एका प्रेक्षकाने वर्तमानपत्राला पत्र लिहून ती कळवली होती. व्हार्टनने म्हणे उडी मारून आडवा खांब धरला, लोंबकळत दोन्ही पायांमध्ये चेंडू पकडला आणि धावत आलेले तिघे आघाडीचे खेळाडू त्याच्या खालून थेट जाळ्यात जाऊन पडले. गंमत आहे यात शंका नाही. पण कर्तबगारी सांगण्याऐवजी गंमत सांगितली जाते तेव्हा सांगणाऱ्याला त्या माणसाबद्दल नेमके काय वाटत होते, असा प्रश्न मनात येतो. जो आपल्या बरोबरीचा नाही त्याचे कौतुक करण्याची ही एक जुनी रीत आहे.

आता पुण्याला येऊ. व्हार्टन रॉदरहॅमच्या पगारावर होता त्याच वर्षांत, १८९२ च्या सुमारास, पुण्यातल्या गोऱ्यांच्या पूना क्लबात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा महिना चार रुपयांवर कामाला लागला. त्याआधी तो पारशांच्या एका क्रिकेट क्लबात तीन रुपयांवर होता. काम असे की खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, ती झाडायची, चुन्याने रेघा मारायच्या, सरावासाठी जाळी उभी करायची, टेनिसची मैदाने आखून द्यायची. थोडक्यात, मैदानावरचा गडी. त्याचे नाव बाळू. आडनाव पालवणकर. आडनावावरून घराण्याचे मूळ गाव कळते : कोकणातले पालवण. चिपळूण तालुक्यात या नावाचे गाव आजही आहे. जात चर्मकार. जन्म मात्र धारवाडचा, कारण वडील लष्करी चाकरीच्या निमित्ताने देशावर गेले होते. कोकणातल्या अनेक अस्पृश्य कुटुंबांचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास असाच आहे. घर रत्नागिरी जिल्ह्यात आणि पोट छावणीत. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या रामजी सुभेदारांचा मुलगा महूच्या छावणीत जन्मला, तेही याच न्यायाने. त्या मुलाची आणि बाळूंची पुढे गाठ पडते. ते शेवटी.

(एक खुलासा करतो. बाळूंना मी आदरार्थी बहुवचन वापरतो आहे. त्यांच्या काळच्या बहुतेकांनी ते वापरले नसते. मराठीत एखाद्याला 'तो' म्हणायचे की 'ते', हे ठरवताना आपण जेवढे समजतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त बोलून जातो. व्हार्टनला मात्र मी 'तो' म्हटले. परदेशी खेळाडूला एकेरीत लिहिण्याची आपल्या वर्तमानपत्रांची सवय माझ्याही लेखणीला आहे. ती तशीच राहू दिली आहे.)

गोऱ्या सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणारा कोणीतरी लागे. ट्रॉस नावाच्या एका सभासदाने बाळूंना गोलंदाजी करायला लावले, असे सांगतात. बाळू डाव्या हाताने मंदगती फिरकी टाकत. मग कॅप्टन ग्रेग यांची दृष्टी त्यांच्याकडे गेली. जे. जी. ग्रेग हे त्या वेळी हिंदुस्थानातल्या इंग्रज फलंदाजांत पहिल्या प्रतीचे मानले जात. सरावाला ते इतरांच्या आधी येत आणि या मुलाला आपल्यापुढे गोलंदाजीला उभा करत. आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा ठरवणे कठीण. हिशेब मात्र करून पाहण्यासारखा आहे. चार रुपयांचे आणे चौसष्ट. म्हणजे ग्रेगसाहेबांना आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला. आख्यायिका खरी असेल तर हिंदुस्थानी क्रिकेटमधली कामगिरीवर मोजलेली बिदागी म्हणून तिची नोंद व्हायला हरकत नाही, आणि व्हार्टनच्या पगारापेक्षा हा करार अधिक स्वच्छ होता असेही म्हणता येईल.

या नोकरीतली जी गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते ती वेगळीच आहे. ग्रेग आणि इतर सभासदांना बाळूंनी तासन्‌तास गोलंदाजी केली, पण त्या क्लबात त्यांच्या हातात एकदाही बॅट देण्यात आली नाही. रामचंद्र गुहा यांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' (२००२) या पुस्तकात हे नोंदवले आहे आणि कारणही सुचवले आहे. फलंदाजी हे सरदारांचे काम, गोलंदाजी हे कष्टाचे. इंग्लंडात ही वाटणी वर्गाची होती. तिथल्या क्रिकेटमध्ये 'जंटलमन' म्हणजे हौशी आणि 'प्लेयर' म्हणजे पगारी अशी उभी फाळणी १९६२ पर्यंत अधिकृतपणे टिकली. दोघे एकाच संघात खेळत, पण कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या, मैदानात उतरण्याची फाटकेसुद्धा निराळी. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापत आणि पगारी खेळाडूची नंतर. १९५० मध्ये लॉर्ड्‌सवर एका तरुण पगारी खेळाडूची आद्याक्षरे चुकून आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली. आपल्या 'तो' आणि 'ते' यांचीच ही इंग्रजी आवृत्ती. पुण्यात आल्यावर ही वर्गाची वाटणी जातीच्या तयार साच्यात बेमालूम बसली. तिथे घडवायला नवे काही लागलेच नाही.

फुटबॉलमध्ये गोलरक्षकाचे स्थान काहीसे असेच आहे. त्याने गोल करायचा नसतो, दुसऱ्याचा होऊ द्यायचा नसतो. त्याच्या दिवसभराच्या कामाची वही कोरी राहिली तर काम उत्तम झाले. त्या काळी तर फुटबॉलचे नियम त्याच्या बाजूने फारसे नव्हतेच. चेंडू हातात असो वा नसो, गोलरक्षकाला धक्का देऊन जाळ्यात लोटण्याची आघाडीच्या खेळाडूंना बरीच मोकळीक होती. व्हार्टन पायांत चेंडू पकडून खांबाला का लोंबकळला असेल, याचे उत्तर कदाचित गमतीत नसून इथे आहे. सरावाच्या जाळ्यातल्या गोलंदाजाची स्थिती त्याहून उणी. गोलरक्षक निदान सामन्यात असतो.

बाळू सामन्यात आले ते हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते म्हणून. पुण्यातल्या हिंदू क्लबाला पूना क्लबाशी झुंजायचे होते. आणि पूना क्लबातल्या उत्तम फलंदाजाच्या खेळातले सारे दोष ज्याला तोंडपाठ होते असा एक हिंदू गावातच होता. त्याला घ्यावे की न घ्यावे यावर सभासदांत मतभेद झाले. शेवटी घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला शिवत होते. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात येई. इतरांचा आत, चिनी मातीच्या कपांत. हातपाय धुवायचे तर त्यांच्या हातावर पाणी घालायला अस्पृश्य गडीच लागे. जेवण निराळ्या ताटात, निराळ्या जागी.

ही मातीच्या भांड्याची गोष्ट गेल्या वीस वर्षांत पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे, आणि ती सांगताना एक सोय होते. भांडे फोडून टाकले की प्रश्न संपला असे वाटते. मला त्यातला चेंडू महत्त्वाचा वाटतो. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा. तो चर्मकाराच्या हातून ब्राह्मणाच्या हातात आणि पुन्हा चर्मकाराच्या हातात दिवसभर जात होता आणि कोणाला विटाळ होत नव्हता. म्हणजे विटाळ हा स्पर्शाचा नव्हताच. तो बरोबरीने बसण्याचा होता. खेळताना बाळू उपयोगी होते, तोवर अडचण नव्हती. चहाला ते बरोबरीचे होऊ लागत. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी सामना जिंकून दिल्यावर पुण्यात त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या हस्ते त्यांना हार घातला गेला, असे गुहा यांनी लिहिले आहे. समाजसुधारकांना हा दुवा ताबडतोब दिसला होता. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला हरकत का, हा प्रश्न त्या सत्कारामागे उभा होताच.

पुण्यातली ही पगारी कारकीर्द चार-पाच वर्षांची. १८९६ नंतरच्या प्लेगच्या धामधुमीत बाळू मुंबईला आले. तिथे आधी लष्करात, नंतर रेल्वेत नोकरी केली. यापुढचे त्यांचे सारे क्रिकेट नोकरी सांभाळून झालेले आहे. म्हणजे ज्या काळात त्यांना क्रिकेटचा पगार मिळत होता तेव्हा ते खेळाडू म्हणून गणले जात नव्हते, आणि खेळाडू म्हणून गणले गेले तेव्हा पगार दुसऱ्या कामाचा होता. मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांना घेण्यावरून कुरकूर झाली. ती मोडून काढली ती कप्तान कीर्तिकर यांनी.

यानंतरची हकिगत क्रिकेटच्या इतिहासात सविस्तर आली आहे, म्हणून घाईने सांगतो. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळू त्या संघात होते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही. दोन चर्मकार भावांना संघात घेतल्यामुळे हा दिवस दिसला, हे 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने हेरले आणि त्यावर लिहिले. १९०७ पासून हिंदूंना धरून तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. तेवीस सामन्यांपैकी पंधरा हरला. त्या पडत्या संघात पस्तिशीच्या बाळूंनी, खांदा दुखत असताना, सगळे सामने धरून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८, लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत मिळून १७९ बळी, प्रत्येकी साधारण पंधरा धावांना एक, हा त्यांचा एकूण हिशेब.

इंग्लंडच्या धावफलकांवर त्यांचे नाव 'पी. बाळू' असे छापलेले सापडते. भाऊ 'पी. शिवराम', सर्वांत धाकटे 'पी. विठ्ठल'. गावाचे नाव वागवणारे आडनाव आकसून एका अक्षरात आले. पालवण उरले ते तेवढ्या 'पी'पुरते. हौशी म्हणून आद्याक्षर आधी छापले गेले हा मान समजावा, की आडनाव कापले गेले हा तोटा समजावा, मला ठरवता येत नाही.

कप्तानपदाचे प्रकरण मात्र घाईने सोडता येणार नाही. १९१० च्या सुमारापासून हिंदू संघातले सर्वांत अनुभवी आणि निर्विवाद पहिल्या प्रतीचे खेळाडू बाळू होते. कप्तान झाले ते एम. डी. पै. पैंचा मोठेपणा असा की १९१३ मध्ये एका समारंभात त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले, हा मान माझ्याआधी माझे ज्येष्ठ सहकारी बाळू यांना मिळायला हवा होता. सांगितल्याने काही बदलले नाही. १९२० च्या चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले. पहिल्या सामन्यासाठी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि कप्तानपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. त्यावर शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि तसे निवेदन जाहीर केले. वृत्तपत्रांत वाद पेटला. अंतिम सामन्याला पै परतले, भाऊ परतले, बाळूंना संघात घेऊन उपकप्तान केले गेले. आणि सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळू पालवणकरांनी केले. पंचेचाळीसच्या घरात पोचलेल्या माणसाला मिळालेले ते एवढेच कप्तानपद.

देवधरांचा उल्लेख आला म्हणून थांबतो. देवधर थोर खेळाडू होते आणि आपल्यापैकी अनेकांचे ते व्यवसायबंधूही. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. त्यांना आपण 'प्रा. देवधर' म्हणतो, आणि योग्यच आहे. पण पाहा, नोकरी सांभाळून क्रिकेट खेळणारे तेही होते आणि बाळूही. एकाची नोकरी नावाच्या आधी लागते आणि शोभा देते. दुसऱ्याची नोकरी, रोलर ओढण्याची असो की रेल्वेतली, चरित्रात 'खडतर परिस्थिती' या सदराखाली जाते. यात देवधरांचा दोष नाही. दोष आपल्या नामावलीचा आहे, आणि ती अजूनही आपणच लिहितो.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. पुढे १९२५ आणि १९२६ मध्येही त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू विजयी झाले. ज्या पदासाठी थोरल्या भावाने दहा वर्षे वाट पाहिली ते धाकट्याला मिळाले. यात गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या हाकेचा वाटा होता, तसा १९२० च्या त्या बहिष्काराचाही होता. दुसऱ्या कारणाचा उच्चार कमी होतो.

आणि येथे आपल्या विषयाशी, म्हणजे मराठी वाङ्मयाशी, गाठ पडते. विठ्ठल पालवणकरांनी आत्मचरित्र लिहिले. 'माझे क्रीडा-जीवन' हे त्याचे नाव, प्रकाशन १९४८ चे, मुंबईचे. दलित आत्मकथनांचा इतिहास आपण शिकवतो तो दया पवारांच्या 'बलुतं' पासून, १९७८ पासून. मग 'आठवणींचे पक्षी', मग 'उपरा'. हा क्रम चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. 'बलुतं' ने जे केले ते आधी कोणी केले नव्हते. पण त्याच्या तीस वर्षे आधी एका चर्मकार लेखकाचे आत्मचरित्र मराठीत छापले गेले होते आणि ते आपल्या यादीत कुठेच बसत नाही, याचे काहीतरी स्पष्टीकरण द्यावे लागेल.

मला सुचते ते असे. ते पुस्तक खेळाडूचे म्हणून क्रीडावाङ्मयाच्या कपाटात गेले, आणि क्रीडावाङ्मय हे वाङ्मय नव्हे अशी आपली जुनी समजूत. दलित आत्मकथनाची जी कल्पना आपण सत्तरीत बनवली ती वेदनेच्या आणि विद्रोहाच्या भाषेवर उभी आहे. विजयाची भाषा तिला ओळखीची वाटत नाही. क्रीडा-जीवन म्हटले की धावा, बळी, सामने, दौरे येणार. जो माणूस जिंकून आला आणि ज्याला लोकांनी डोक्यावर घेतले त्याच्या लिखाणातली जात शोधायला वाचकाला थोडे वाकावे लागते, आणि आपण वाकत नाही. तिसरे कारण राजकीय आहे, आणि ते विठ्ठल यांच्यापेक्षा बाळूंना अधिक लागू पडते.

त्याचे असे झाले. तरुण भीमराव आंबेडकरांच्या मनात बाळूंबद्दल मोठा आदर होता. अस्पृश्य समाजातून देशभर नाव झालेला तो काळातला पहिला पुरुष. मात्र बाळूंचा ओढा हिंदू समाजात राहूनच बदल घडवण्याकडे होता. १९३२ मध्ये विभक्त मतदारसंघांच्या वादात ते एम. सी. राजा यांच्या बाजूला, म्हणजे संयुक्त मतदारसंघांच्या बाजूला राहिले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे, तशी बाळूंचीही आहे. १९३५ मध्ये येवल्याला आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला. आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेवर स्वतंत्र मजूर पक्षाच्या आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसने उमेदवार दिला तो पी. बाळू. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचा फरक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावचे आणि कोकणातल्याच दुसऱ्या गावचे, दोघेही लष्करी चाकरीतल्या बापांचे मुलगे मुंबईत एकमेकांसमोर उभे होते. सवर्ण उमेदवार त्या लढतीत महत्त्वाचे नव्हते.

या निवडणुकीने बाळूंच्या स्मरणाचे जे केले ते मला अटळ वाटते, तरी सोपे वाटत नाही. पुढच्या पिढीने आपला इतिहास आंबेडकरांच्या बाजूने लिहिला, आणि तो तसाच लिहिला जाणे रास्त होते. त्यांच्या विरुद्ध उभा राहिलेला माणूस त्यात कुठे बसणार? काँग्रेसच्या इतिहासात त्याची गरज एका निवडणुकीपुरती. क्रिकेटच्या इतिहासात कसोटी सामने १९३२ ला सुरू होतात आणि त्याआधीचे सारे प्रस्तावनेत जाते. पालवणकर बंधू असे तीन घरांच्या उंबरठ्यांवर उभे राहिले. त्यांना आत घेतले ते एका इंग्रजी पुस्तकाने, तेही नव्या शतकात, आणि त्या पुस्तकाने आधार घेतला तो आपल्याच भाषेतल्या १९४८ च्या आत्मचरित्राचा. मराठीत लिहिलेले इंग्रजीतून वळसा घालून परत आले तेव्हा आपण ते वाचले. व्हार्टनच्या थडग्यावर दगड बसवणाऱ्यांनीही असेच केले होते. वंशद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या शेफिल्डच्या एका फुटबॉलप्रेमी गटाने आणि फिल व्हसिली या संशोधकाने जुने कागद चाळून तो माणूस शोधला. कागद तिथेच होते.

विठ्ठल यांच्या त्या पुस्तकाचा विचार करताना मला पै मैदानाबाहेर गेले तो वेळ पुन्हा पुन्हा आठवतो. किती षटके झाली असतील? क्षेत्ररक्षण कसे लावले असेल? कोणाला कुठे उभे राहा म्हणून सांगितले असेल, आणि ज्यांना सांगितले ते चहाला कुठल्या कपाने चहा पिणारे होते? १९२० पर्यंत मातीची भांडी गेली होती. पंचवीस वर्षांत जिमखान्याची रीत बदलली होती आणि बाळू इतर खेळाडूंबरोबर बसून जेवत होते. राहिली होती ती फक्त दुसऱ्यांना 'इथे उभा राहा' असे सांगण्याची परवानगी, आणि ती सर्वांत शेवटी, अर्धीमुर्धी मिळाली.

बाळू पालवणकर १९५५ च्या जुलैत मुंबईला वारले. आंबेडकरांनी येवल्याचा शब्द खरा केला तो त्यानंतर सव्वा वर्षाने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला.